काचेआडचा रोटर

छातीचा एक्स-रे काढलेल्या प्रत्येकाने ही मोटर ऐकलेली असते. टेक्निशियन आडोशामागून सांगतो, "श्वास घ्या, रोखून धरा," आणि लगेच पाठीमागच्या डब्यात घुर्र करून काहीतरी वेग घेतं. सेकंदभर आवाज चढत जातो, मग हलकासा टक्, आणि "सोडा श्वास". पेशंटला तो आवाज एक्स-रेचाच वाटतो. पण किरणांना आवाज नसतो. ऐकू येते ती एक इंडक्शन मोटर. तिचा रोटर काचेच्या बंद नळीत, निर्वातात फिरत असतो आणि त्याच्या टोकाला बसवलेली धातूची चकती, दवाखान्यात गर्दी असेल त्या दिवशी, तापून लाल झालेली असते.

एक्स-रे आणि सीटी मशीनच्या दुरुस्तीत माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. बोर्ड, एचटी केबली, जनरेटरच्या टाक्या, सगळं हाताळलं. पण जीव जडला तो या मोटरीवर, कारण मी मुळात मोटरवाला.

इचलकरंजीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी रिवाइंडिंगचं दुकान होतं. डिप्लोमाच्या सुट्ट्यांत मी तिथे कामाला असायचो. यंत्रमागाच्या मोटरी यायच्या, बहुतेक एक अश्वशक्तीच्या. मागावर कापसाचे तंतू सतत उडतात. ते मोटरीच्या अंगावरच्या पट्ट्यांमध्ये आणि मागच्या पंख्याच्या जाळीत गच्च बसायचे. हवा खेळायची बंद व्हायची, मोटर आतल्या आत तापायची आणि एक दिवस वाइंडिंग काळं पडून बसायची. वस्ताद झाकण काढून आधी वास घ्यायचे. जळक्या वार्निशचा तो वास आला की मीटर लावायचीही गरज नसे. "करंटनं मरत न्हाई रं ही, गरमीनं मरती," असं ते म्हणायचे, आणि ते शब्दशः खरं आहे. बी क्लासचं इन्सुलेशन १३० अंशांपर्यंत टिकतं, एफ क्लासचं १५५, एच क्लासचं १८०. त्या मर्यादेच्या वर दर दहा अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं, हा रिवाइंडिंगवाल्यांपासून मोठ्या कारखान्यांपर्यंत सगळ्यांचा आडाखा. म्हणून मोटर दुरुस्त करून परत देताना वस्ताद गिऱ्हाइकाला एकच गोष्ट बजावायचे: मागची जाळी रोज झाडा, हवा जाऊ द्या.

पुढे एक्स-रे मशीनची सर्व्हिस करणाऱ्या कंपनीत लागलो. तिथल्या ट्रेनिंगमध्ये टेबलावर एक उभी कापलेली ट्यूब ठेवली होती. ती पाहिली आणि दुकानात शिकलेलं सगळं एकेक करून तपासून घ्यावं लागलं. पंखा नाही. हवाच नाही, तर पंखा काय करणार? ग्रीस नाही. आणि जी गोष्ट सगळ्यात चक्रावणारी वाटली ती ही, की स्टेटर आणि रोटर यांच्यामध्ये बोटभर अंतर, आणि त्या अंतरात काच. साध्या मोटरीत ही फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. वाढली तर मोटर दुबळी होते. इथे ती इतकी मोठी, आणि तरीही रोटर सेकंदभरात मिनिटाला जवळजवळ तीन हजार फेऱ्यांचा वेग पकडतो.

हे असं का केलं, ते कळायला उष्णतेचा हिशेब करावा लागतो.

ट्यूबच्या एका टोकाला टंगस्टनची बारीक तार असते, दोन हजार अंशांच्या वर तापवलेली. तिच्यातून निघालेले इलेक्ट्रॉन हजारो व्होल्टच्या ओढीने समोरच्या ॲनोडवर आदळतात. त्या आदळण्यातून एक्स-रे निघतात, पण फारच थोडे. आत घातलेल्या ऊर्जेतला सुमारे एक टक्का किरण होतो, बाकीचे नव्याण्णव टक्के निव्वळ उष्णता. आमच्याकडे मशीन त्याच्या एमएवरून, म्हणजे मिलिअँपिअरवरून ओळखतात: शंभर एमएचं, तीनशे एमएचं, पाचशे एमएचं. पाचशे एमएचं मशीन ८० केव्हीवर चालवलं तर त्या क्षणी ॲनोडवर ४० किलोवॅट पडतात. यंत्रमागाच्या पन्नासहून अधिक मोटरींची ताकद, आणि पडते कुठे, तर काही चौरस मिलिमीटरच्या ठिपक्यावर. ठिपका लहान हवाच. तो पसरला की फोटो धूसर येतो. टंगस्टन ३४२२ अंशांना वितळतं, धातूंमध्ये त्याच्या वर कोणी नाही, तरीही एका जागी एवढा मारा त्याला सोसत नाही.

१८९५ मध्ये रॉन्टगेनना किरण सापडले, १९१३ मध्ये विल्यम कूलिज यांनी तापलेल्या तारेची ट्यूब बनवली, पण ॲनोड स्थिरच होता: तांब्याच्या ठोकळ्यात बसवलेली टंगस्टनची टिकली. दातांच्या दवाखान्यातल्या छोट्या मशीनमध्ये आजही तोच असतो. जास्त ताकद हवी तर ठिपक्याखालचा धातू सतत बदलता ठेवायला हवा, म्हणजे ॲनोड गोल चकतीचा करून फिरवायला हवा. ही कल्पना जुनी होती. ती चालणारी वस्तू म्हणून दवाखान्यात आणली फिलिप्समधल्या आल्बर्ट बाउवर्स यांनी, १९२९ च्या रोटालिक्स ट्यूबमध्ये. चकतीवरचा पट्टा साधारण आठ सेंटिमीटर व्यासाचा धरला तर त्याचा घेर पंचवीस सेंटिमीटर होतो. एका दशांश सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये चकती चार-पाच वेळा फिरते. ठिपका होता तेवढाच राहतो, मार मात्र सगळ्या पट्ट्यावर वाटला जातो.

पण चकती फिरवायची म्हणजे मोटर आली, आणि ट्यूबमध्ये मोटर ठेवणं म्हणजे तिला सगळ्यात वाईट जागी ठेवणं. आत हवा चालत नाही, कारण इलेक्ट्रॉनला मोकळा रस्ता हवा. वार्निश, कापड, कागद, प्लास्टिक असलं काही चालत नाही, कारण तापलं की त्यातून वाफा निघतात आणि व्हॅक्यूम नासतो; तो नासला की हाय टेन्शन आतल्या आत फुटतं. कार्बन ब्रशची मोटर तर अजिबात नको. याची गंमत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांनी शिकवली. उंचावर जाणाऱ्या विमानांतल्या जनरेटरचे ब्रश बघता बघता झिजून भुकटी होऊ लागले. जनरल इलेक्ट्रिकमध्ये आर. एच. सॅव्हेज यांनी त्याचा छडा लावला: ग्रॅफाइटचा गुळगुळीतपणा त्याचा एकट्याचा नाही, हवेतल्या पाण्याच्या वाफेचा त्यात वाटा आहे. वाफ काढून घेतली की तोच ग्रॅफाइट घासू लागतो. आपण ज्याला कोरडं वंगण समजतो ते निर्वातात वंगण राहत नाही. आणि कायम चुंबकाची मोटर? निओडिमियमचे साधे चुंबक ऐंशी अंशांपुढे दम सोडायला लागतात. १९२९ मध्ये तर ते नव्हतेच.

उरली इंडक्शन मोटर, आणि तिच्यात एक मोठा गुण आहे. तिच्या रोटरला बाहेरून वीज द्यावी लागत नाही. फिरतं चुंबकीय क्षेत्र त्याच्यात प्रवाह जागवतं आणि तो त्या क्षेत्रामागे धावतो. म्हणून रोटरमध्ये ना इन्सुलेशन, ना ब्रश, ना चुंबक. तांब्याचा एक नळकांडा आणि आत लोखंड. जळण्यासारखं काही नाहीच. जळू शकणारा भाग आहे स्टेटरचा, त्याच्या कॉइलींचा, आणि चुंबकीय क्षेत्राला काच अडवत नाही. मग स्टेटर काचेच्या बाहेर, तेलात बुडवून ठेवला आणि रोटर आत. एक मोटर दोन जगांत वाटली. फट मोठी झाली, त्याची किंमत मोजावी लागते: मोटर फार अकार्यक्षम होते, चालू करताना दोनशेच्या वर व्होल्टचा जोराचा धक्का द्यावा लागतो, वेग आला की पन्नास-साठ व्होल्टवर ती फिरत राहते. फटीचं आणखीही एक कारण आहे. ॲनोड, म्हणजे पर्यायाने रोटरही, पंचाहत्तर हजार व्होल्टपर्यंत चढलेला असतो आणि स्टेटर जमिनीच्या पातळीवर. मध्ये काच आणि तेल नसतं तर वीज कडाडून उडी मारेल.

या स्टेटरला वीज कशी मिळते ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला इचलकरंजीचं दुकान आठवलं. जुन्या मशीनमध्ये सिंगल फेज सप्लाय, दोन वाइंडिंग आणि एका वाइंडिंगला जोडलेला कपॅसिटर. घरातल्या सीलिंग फॅनची जोडणी तीच. कपॅसिटर उतरला की फॅन जसा रेंगाळतो तसाच हा रोटरही रेंगाळतो. मशीनमध्ये म्हणून पहारा असतो: दोन्ही वाइंडिंगमधला करंट ठरल्याप्रमाणे नसेल तर एक्स्पोजर होऊच द्यायचं नाही. चकती थांबलेली असताना एक्स्पोजर झालं तर पट्ट्यावर एका जागी खड्डा पडतो, आणि तो कायमचा.

आता खरा प्रश्न. चकती तापली, जड कामात सगळी चकतीच हजार अंशांपलीकडे जाते. ती उष्णता जाणार कुठे? शाळेत शिकलेल्या तीन वाटा आठवतात: वहन, अभिसरण, प्रारण. अभिसरण हवेशिवाय नाही. वहनाची वाट आहे, पण ती थेट रोटरमध्ये आणि बेअरिंगमध्ये जाते, म्हणजे नको तिथे. म्हणून राहिलं प्रारण. थंडीत शेकोटीपुढे बसलं की तोंड भाजतं आणि पाठ गारठते. शेकोटीची हवा वर निघून गेलेली असते, आपल्यापर्यंत येतं ते नुसतं प्रारण. चकतीची उष्णता तशीच निघून काचेवर, काचेतून तेलात, तेलातून डब्याच्या पत्र्यात आणि तिथून खोलीच्या हवेत जाते.

प्रारणाचा नियम निष्ठुर आणि उदार दोन्ही आहे. ते केल्विन तापमानाच्या चौथ्या घातात वाढतं. हजार अंश सेल्सिअसला काळ्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमधून सुमारे १४९ किलोवॅट बाहेर पडतात. पाचशे अंशांना वीस. दोनशे अंशांना तीनसुद्धा नाहीत. म्हणून लाल चकती पहिल्या काही क्षणांत भराभर निवते आणि पुढे रेंगाळत राहते. प्रत्येक ट्यूबबरोबर येणाऱ्या कागदांत हा निवण्याचा आलेख असतो: आधी कड्यासारखा उतार, मग लांबच लांब सपाटी. मी जिथे जिथे ट्यूब बसवली तिथे तिथे हा आलेख टेक्निशियनला समोर बसवून समजावला. "पाच मिनिटं थांबा" असं नुसतं सांगितलेलं कोणी पाळत नाही. का थांबायचं ते आलेखात दिसलं की पाळतात.

काळा पृष्ठभाग म्हटलं, तेही महत्त्वाचं आहे. चकचकीत धातू प्रारणाला कंजूस असतो. म्हणून रोटरचा नळकांडा बाहेरून काळा करतात, म्हणजे त्याच्यापर्यंत पोचलेली उष्णता तो काचेकडे फेकतो. मोठ्या ट्यूबमध्ये मॉलिब्डेनमच्या चकतीच्या पाठीला ग्रॅफाइटचा जाड थर जोडतात. ज्या ग्रॅफाइटने निर्वातात ब्रश म्हणून दगा दिला तोच इथे फार कामाचा ठरतो: वजनाला हलका, पोटात भरपूर उष्णता साठवणारा आणि जात्याच काळा.

चकती आणि रोटर यांच्यामध्ये मॉलिब्डेनमची एक बारीक मान असते. तिचं काम चकती धरून ठेवण्याचं, आणि तितकंच महत्त्वाचं काम उष्णतेला अडवण्याचं. जितकी मान बारीक तितकी उष्णता कमी उतरते. पण फार बारीक केली तर जड चकती पेलवत नाही. लोखंड ७७० अंशांना चुंबकत्व गमावतं. चकतीचं तापमान जसंच्या तसं खाली उतरलं तर रोटर हा रोटरच राहणार नाही. मानेमुळे तो बराच थंड राहतो. थंड म्हणजे तरी काय, तर बेअरिंग चारशे अंशांच्या आसपास गेलं तर आम्ही त्याला नेहमीचं समजतो.

बेअरिंगबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण या मोटरीचं मरण तिथे आहे. रिवाइंडिंगच्या दुकानात कॉइल मरायची. बेअरिंग वाजलं तर ते बदलून मोटर परत. इथे उलटं. कॉइल तेलात सुखरूप असते आणि बेअरिंग काचेत कोंडलेलं. ते बदलता येत नाही. बेअरिंग गेलं म्हणजे ट्यूब गेली, आणि ट्यूब म्हणजे लहान दवाखान्याच्या वर्षभराच्या बजेटला धक्का.

साधं बेअरिंगचं पोलाद दीडशे-दोनशे अंशांपलीकडे मऊ पडायला लागतं. म्हणून इथे गोळ्या आणि रिंगा लेथवरच्या हत्यारांसाठी वापरतात तसल्या हायस्पीड स्टीलच्या असतात. वंगण म्हणून तेल-ग्रीस चालत नाही. वाफ होऊन सगळीकडे पसरेल. त्या जागी गोळ्यांवर चांदीचा अतिशय पातळ मुलामा देतात, पूर्वी काही ठिकाणी शिशाचाही. चांदी मऊ. दोन कठीण पोलादांच्या मध्ये ती दबते, सरकते, पसरते. तिचं दुसरंही काम आहे आणि ते मला फार सुंदर वाटतं: ट्यूबमधून जाणारा सगळा करंट, ते पाचशे मिलिअँपिअर, चकतीतून मानेत, मानेतून रोटरमध्ये आणि मग त्या फिरत्या गोळ्यांमधूनच बाहेर पडतो. वंगण आणि वायर एकच. ग्रीसने हे कधी जमलं नसतं.

आमच्या वर्कशॉपमध्ये मेलेल्या ट्यूब यायच्या. बेरिलियमची खिडकी असलेली ट्यूब आम्ही उघडत नसू, तिची धूळ फुप्फुसाला फार घातक. साध्या काचेची असेल तर उघडायचो. आधी डब्यातलं तेल काढायचं; चांगलं तेल पाण्यासारखं स्वच्छ असतं, थकलेल्या ट्यूबमधलं पिवळट, जळका दर्प असलेलं. मग आतली काचेची ट्यूब, जिला आम्ही इन्सर्ट म्हणतो, ती अलगद उचलायची. खूप वापरलेल्या इन्सर्टची काच आतून तपकिरी आरशासारखी झालेली असते. उडालेलं टंगस्टन तिथे जाऊन बसलेलं. चेहऱ्यावर ढाल, हातात जाड हातमोजे, काच कापडात गुंडाळलेली, आणि मग निर्वात करून बंद केलेलं ते टोक हळूच मोडायचं. सुस्स करून हवा आत शिरते. कारखान्यात बंद केल्यापासून त्या रोटरला लागलेली पहिली हवा.

चकती बाहेर काढली की पट्ट्यावरून नख फिरवून बघायचो. नवा पट्टा गुळगुळीत असतो. हा सुकलेल्या तळ्याच्या मातीसारखा बारीक भेगांनी भरलेला. प्रत्येक एक्स्पोजरला वरचा थर क्षणात तापून फुगलेला, खालचा थंड राहिलेला, त्या ओढाताणीच्या खुणा. ते रोखायला टंगस्टनमध्ये पाच-दहा टक्के ऱ्हेनियम मिसळतात, त्याने धातू जरा चिवट होतो. मग बेअरिंग. काही गोळ्यांवर चांदीचा माग अजून चमकत असायचा, बाकीच्या राखाडी, बोटाला खरखरीत लागणाऱ्या. खाली चांदीचे सुईच्या टोकाएवढे कपचे पडलेले. रोटर हाताने फिरवला की दाणे अडकल्यासारखा थांबत थांबत जायचा.

हे हाताने पाहिलेलं असल्यामुळे पुढे नुसत्या आवाजावरून ओळखायला जमू लागलं. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या दवाखान्यातून तिथल्या एक्स-रे टेक्निशियन बाईंचा फोन यायचा. फार जाणत्या बाई.

"सर, आवाज बदललाय हो."

"कसा बदललाय, मॅडम?"

"आधी घुर्र करायचा, आता किरकिर लागलीय. अन् सोडल्यावर लगेच थांबतोय."

मी त्यांना सांगायचो, फोन चालू ठेवून ट्यूबच्या डब्यावर ठेवा, खोलीतून बाहेर या, दार लावा आणि बटणाचा फक्त पहिला टप्पा दाबा. पहिल्या टप्प्यात रोटर वेग घेतो आणि तार तापते, किरण निघत नाहीत. फोनमधून मला तो वेग घेताना ऐकू यायचा. मग बटण सोडायला लावायचं आणि ऐकत राहायचं. चांगल्या बेअरिंगचा रोटर सोडल्यावरही बराच वेळ आपल्याच ओघात फिरतो, आवाज हळूहळू खाली उतरत जातो. हा काही सेकंदांत घरघरून थांबला. तेवढ्यावरून मी ऑफिसला सांगून टाकलं की यांच्या ट्यूबचा प्रस्ताव आत्ताच तयार करा, मंजुरीला वेळ लागतो. तोवर ट्यूब तगवायची.

तगवायची कशी, ते त्या बाईंना माझ्याइतकंच ठाऊक होतं. सकाळी पहिल्या पेशंटआधी हलकी एक्स्पोजर देऊन चकती हळू तापवायची. गार चकतीवर एकदम जड मारा केला तर ती तडकू शकते. पहिला टप्पा दाबून ताटकळायचं नाही. पेशंट हलतोय, कॅसेट सरळ होतेय, आणि इकडे बोट बटणावर: त्या प्रत्येक सेकंदाला बेअरिंग झिजतं आणि तार पातळ होते. सगळं जुळवून घ्या, मग बटणाला हात लावा. आणि कामाचं वजन ओळखायचं. छातीचा फोटो ट्यूबला अगदी हलका. कमरेचा बाजूने घेतलेला जड. भरतीच्या मेडिकलची पोरं रांगेने छातीच्या फोटोला उभी राहिली तरी ट्यूबला काही वाटत नाही, पण जाडजूड पेशंटांच्या कमरेचे फोटो लागोपाठ आले तर मध्ये थांबलंच पाहिजे.

मे महिन्यात मात्र हे शहाणपणही अपुरं पडायचं. बाहेर बेचाळीस अंश, खोलीतला एसी बंद. ट्यूबची उष्णता शेवटी खोलीच्याच हवेत जायची असते. हवाच तापलेली तर तेल निवणार कशाच्या जोरावर? तेल फुगून डब्यातला रबरी भाता ताणला जातो, थर्मल स्विच सुटतं आणि मशीन बंद. मग फोन यायचा, मशीन बिघडलं. बिघडलेलं काहीच नसायचं. मशीन स्वतःला वाचवत असायचं. एक्स-रेच्या खोलीतला एसी ही चैन आहे असं समजून तो दुरुस्तीच्या यादीत शेवटी टाकणाऱ्यांशी मी आयुष्यभर भांडलो आणि अजूनही भांडेन. तो एसी टेक्निशियनसाठी आहे तितकाच त्या काचेतल्या चांदीसाठी आहे.

नंतर सीटीवर आलो तेव्हा हाच प्रश्न वेगळ्याच आकाराचा होऊन समोर आला. इथे एक्स्पोजर दशांश सेकंदाचं नसतं, कितीतरी सेकंद सलग चालतं. १२० केव्ही, ३०० एमए, दहा सेकंद धरले तर ३६० किलोज्यूल. चकती वीस सेंटिमीटरपर्यंतची, वजनदार, आणि तिची मोटर मिनिटाला नऊ-दहा हजार फेऱ्यांपर्यंत नेणारी. वर ही सगळी ट्यूबच पेशंटभोवती गरगरा फिरते. मध्यापासून साठ सेंटिमीटरवर असलेली ट्यूब अर्ध्या सेकंदात एक फेरी घेते तेव्हा बेअरिंगवर गुरुत्वाच्या जवळजवळ दहापट ओढ येते, ०.३ सेकंदाची फेरी झाली की सत्तावीसपट. चारशे अंश तापलेल्या, चांदीच्या मुलाम्यावर चालणाऱ्या गोळ्यांना हे किती काळ झेपणार?

यावर दोन उत्तरं निघाली. फिलिप्सने १९८९ मध्ये गोळ्याच काढून टाकल्या. शाफ्टवर बारीक नागमोडी खाचा कोरायच्या आणि फटीत गॅलियमचा मिश्रधातू भरायचा, खोलीच्या तापमानाला पातळ असणारा आणि तापला तरी निर्वातात जवळजवळ न उडणारा. शाफ्ट फिरला की त्या खाचा द्रव ओढून घेतात आणि दोन पृष्ठभाग एकमेकांना शिवतच नाहीत. झीज नाही, आवाज नाही, आणि सकाळी फिरू लागलेला रोटर दिवसभर फिरता ठेवला तरी चालतो. पण मला त्यातली मोठी गोष्ट वेगळीच वाटते. बॉल बेअरिंगच्या ट्यूबमध्ये सगळी धडपड उष्णता बेअरिंगपर्यंत पोचू नये म्हणून. मान बारीक करा, रोटर काळा करा, अडवा. द्रव धातू मात्र उष्णता चांगली वाहतो, त्याला तापण्याचं भय नाही; मग बेअरिंगमधूनच उष्णता बाहेर काढता येते. साठ वर्षं जी वाट बंद ठेवायची होती तीच उघडली. ट्रेनिंगमध्ये ती आकृती फळ्यावर काढली तेव्हा मी वहीत बाण उलटा काढून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

दुसरं उत्तर सीमेन्सचं, २००३ ची स्ट्रेटॉन ट्यूब. त्यांनी अख्खी ट्यूबच तेलात फिरवली. चकती ही ट्यूबची भिंत झाली, तिच्या पाठीला थेट तेल भिडलं, आणि मोटर व बेअरिंग दोन्ही निर्वाताच्या बाहेर आले, जिथे साध्या वंगणावर चालता येतं. आत चकती फिरते पण तिच्यावर इलेक्ट्रॉनचा ठिपका एकाच दिशेला पडायला हवा, म्हणून झोत बाहेरच्या चुंबकीय कॉइलींनी वळवून धरतात. चकती वीस सेंटिमीटरची लागेना, बारा सेंटिमीटरची पुरली, कारण आता उष्णता साठवून ठेवायची गरजच उरली नाही. पडेल तशी तेल ती घेऊन जातं.

पुण्या-मुंबईच्या मोठ्या दवाखान्यांत मी आता जातो तेव्हा सीटीच्या खोलीत ट्यूबचा आवाज ऐकून काही सांगता येत नाही. संगणकातल्या नोंदी वाचाव्या लागतात: तेलाचं तापमान, रोटरचा करंट, किती स्कॅन, किती वेळा ट्यूबच्या आत ठिणगी उडाली. नवे इंजिनिअर त्या नोंदी माझ्यापेक्षा चपळाईने वाचतात आणि ते योग्यच आहे. पण तालुक्याच्या ठिकाणी पुढची कितीतरी वर्षं चांदी लावलेल्या गोळ्यांचीच ट्यूब असणार आहे. द्रव धातूची ट्यूब साध्या एक्स-रेसाठी घेणं कोणाला परवडत नाही, आणि गरजही नाही. म्हणून कंपनीने नव्या मुलांच्या ट्रेनिंगला मला बोलावलं की मी माझ्या मोबाइलमधले आवाज नेतो. एक नव्या ट्यूबचा, एक मधल्या वयाचा, एक त्या मराठवाड्यातल्या बाईंनी फोनवर ऐकवलेला. मुलं डोळे मिटून ऐकतात, कोणता कुठल्या ट्यूबचा ते ओळखतात, आणि मग मी त्यांच्या हातात त्या जुन्या बेअरिंगमधली राखाडी गोळी देतो.